एसटीतल्या अनोळखी माणसांचे आभार

गंगाखेडहून परभणीला येताना एसटीत आमच्या आबांना दरदरून घाम फुटला, जीभ अडखळायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारं पिऊन बसलंय." (आबा माळकरी!) शेजारच्या मावशींनी मात्र नेमकं विचारलं, "शुगरची गोळी घेतली का? जेवलेत का?" एकादशीचा उपास, गोळी तेवढी घेतलेली; म्हणजे रक्तातली साखर उतरली असणार. आबा शुद्धीवर आहेत, त्यांना गिळता येतंय, हे बघूनच मावशींनी साखरेचं पाणी पाजलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, हेही बजावलं. कंडक्टरदादांनी १०८ ला फोन लावला. एका पोरानं सामान उतरवलं. रक्तातली साखर ७० (मिग्रॅ/डेसीलिटर) च्या खाली गेली की धोकाच, आणि अशीच लक्षणं लकव्याचीही असतात, म्हणून दवाखान्यात तीही तपासणी झाली. आबा ठणठणीत आहेत. मावशी, दादा आणि त्या पोराचे मनापासून आभार.