शनिवारच्या चित्रपटाबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

या शनिवारी संध्याकाळी ठीक साडेसहाला, आपल्या नेहमीच्या हॉलवर, 'युअर सिस्टर्स सिस्टर' हा लिन शेल्टन यांचा २०११ चा अमेरिकन चित्रपट दाखवणार आहोत. लांबी साधारण दीड तास. मध्यंतर नाही, चहा नंतर.

उशिरा येऊ नका, कारण पहिलाच प्रसंग चुकवण्यासारखा नाही. जॅकच्या भावाला जाऊन वर्ष झालंय, मित्रमंडळी जमून त्याचे गोडवे गातायत, आणि जॅक उठून सांगतो की हा भाऊ लहानपणी चांगलाच दादागिरी करायचा! सगळ्यांचे चेहरे पडतात. मग मैत्रीण आयरिस त्याला डोकं शांत करायला तिच्या वडिलांच्या एका बेटावरच्या घरी धाडते. तिथे तिची सावत्र बहीण हॅना आधीच मुक्कामाला. रात्री टकीलाची बाटली निघते, दुसऱ्या दिवशी आयरिस दारात हजर. पुढचं सांगत नाही.

चित्रीकरण अवघ्या बारा दिवसांत उरकलं, आणि बरेचसे संवाद कलाकारांनी कॅमेऱ्यासमोरच रचले. एमिली ब्लंट आणि रोझमेरी डेविट यांची बहिणी-बहिणींची कुजबुज म्हणूनच इतकी खरी वाटते. शेवट मला जरा घाईचा वाटला. त्यावर नंतर भांडू.

विषय मोठ्यांचा आहे, मुलांना आणू नये. सोबत पाहुणा असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत. भाऊ-बहीण जोडीने आलात तर शेजारी बसायचं की लांब, ते तुमचं तुम्ही ठरवा.

– कार्यवाह