इंजिन बंद पडलं तर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आईला हे वाचून दाखवताना मधलं गाळू नका. तिला ते बरोबर कळतं.

विमानात हिस्सा घेतला. चौघांत मिळून एक जुनं सेस्ना 172, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान. पैसे भरले, कागदही झाले. नानांनी तो शेतात उतरलेल्या विमानाचा व्हिडिओ पाठवल्यापासून आईला झोप नाही, असं दादा म्हणाला. म्हणून लिहितेय, फोनवर ती रडते आणि मी भलतंच काहीतरी बोलून बसते.

आधी पैशांचं. औषधांचे आणि शांताबाईंच्या पगाराचे पैसे पूर्वीसारखेच येतील. मी नवीन गाडी घेणार होते, ती घेतली नाही, एवढंच. बाकीचे तिघं जुने वैमानिक, त्यातले एक तर आजोबा झालेत. शिवाय क्लाइड सेस्नानं 1927 साली कंपनी काढली ती इथेच, कॅन्ससमधल्या विचिटात. या विमानाचा जाणकार मिस्त्री शोधत फिरावं लागत नाही.

आई, इंजिन बंद पडलं की विमान धाडकन खाली येतं, असं तुझ्या डोक्यात बसलंय. तसं नसतं गं. पंख जागेवरच असतात. नाक जरा खाली करून वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरला की ते तरंगत जातं. तीन हजार फुटांवर असले आणि वारा नसला, तर सात-आठ किलोमीटर. हातात चारेक मिनिटं मिळतात. तेवढ्यात वाऱ्याकडे तोंड करून उतरता येईल असं शेत हेरायचं. रस्ता बघून मोह होतो, पण तिथे विजेच्या तारा असतात, गाड्या असतात. कॅन्ससमध्ये शेतांना तोटा नाही. जूनमध्ये गहू निघाला की मैलोन् मैल नुसती धसकटं. टेकण्याआधी पेट्रोल बंद, बॅटरी बंद, पट्टे आवळायचे आणि दारं किलकिली करून ठेवायची, म्हणजे ती अडकत नाहीत. शिकवणारे सर बोलता बोलता थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढायचे आणि विचारायचे, "आता कुठे?" अजूनही अधूनमधून त्यांच्याबरोबर जाऊन तेच घोकते.

बाबा, हे तुमच्यासाठी. प्लगला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो आहेत, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. तुमच्या राजदूतसारखा पेट्रोलचा कॉकही आहे, दोन सीटांच्या मध्ये खाली: डावी टाकी, उजवी टाकी, दोन्ही. काट्यावर विसंबत नाही, टाकीत पट्टी बुडवून बघते. मग पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढून उजेडात धरते. निळं असतं ते. पाणी असलं तर तळाशी वेगळा थेंब बसतो. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो हे तुम्हाला खोटं वाटेल. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा इतकी गार पडते की बाहेर वीस अंश असलं तरी दमट दिवशी धरतो. मग गरम हवेचा नॉब ओढायचा. वितळलेलं पाणी गिळताना इंजिन आधी आणखी खोकतं. घाबरून नॉब परत ढकलायचा नाही.

त्या सिनेमातल्या हॅरिसन फोर्डचं विचारलं होतंत. 2015 मध्ये सांता मोनिकाहून उडाल्यावर त्याच्या जुन्या विमानाचं इंजिन गेलं, त्यानं ते गोल्फच्या मैदानात उतरवलं. कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग, सैल झाला होता. मार लागला, पण वाचला. त्याचं विमान दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. माझं तेवढं म्हातारं नाही.

खरी अवघड वेळ एकच, उडाल्यानंतरचा पहिला मिनिट. तेव्हा इंजिन गेलं तर उंची कमी असते आणि मागे धावपट्टी खुणावत असते. तिकडे वळायच्या नादात वेग पडतो आणि विमान हातातून जातं. म्हणून दर वेळी निघण्याआधी मोठ्यानं म्हणते: एवढ्या उंचीखाली सरळ समोरच उतरायचं. आणि आई, मन लागत नसेल त्या दिवशी मी जातच नाही.

गच्चीवर तुझ्या मांडीवर पडून विमानाचे दिवे शोधायचे तेव्हा तूच म्हणायचीस ना, "तो बघ, मामा चालला"? मग आता रुसून कसं चालेल?

डोळ्यांचे थेंब दिवसातून चार वेळा, मालिका चालू असली तरी. साखर तपासून आकडा दादाला सांगायचा, "नॉर्मल आहे" चालणार नाही. आणि बाबा, पाण्याची टाकी बघायला शिडीवर चढता ते मला कळलंय. शिडी उद्याच्या उद्या दादाकडे पाठवा. रविवारी फोन करीन तेव्हा पहिलं तेच विचारणार आहे.

तुमची,
मनू