हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर शिसंही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांमधून रक्तक्षयाची तपासणी होते, लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, हे उत्तमच आहे. पण गोळ्या खाऊनही ज्या मुलाचं हिमोग्लोबिन हलत नाही, त्याच्या रक्तात शिसं आहे का, हे कोणी बघत नाही. मी वीस वर्षं रक्त तपासणीचं काम करते, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "ताई, गोळ्यांचे दोन कोर्स झाले, तरी आठाच्या वर जातच नाही." मुलगा पोट दाबून बसला होता. काचपट्टीवर त्याचं रक्त पसरून पाहिलं, तर तांबड्या पेशींत बारीक निळे ठिपके. असे ठिपके शिशामुळे येतात, पण थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारातही दिसतात, म्हणून डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आईला विचारलं, घरी काय काम चालतं? वडील घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटा वितळवायचे, आणि त्याच कपड्यांनी पोराला मांडीवर घ्यायचे. नमुना मुंबईला पाठवला. डेसिलीटरला ४१ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. अमेरिकेत ३.५ आलं तरी मुलाच्या घरात शिसं शोधायला सुरुवात होते.

शिसं बाहेर काढणारं औषध साधारण ४५च्या पुढे देतात. त्यामुळे इथे शेड बंद करणं, केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसणं आणि लोह चालू ठेवणं, एवढंच हातात होतं. चार महिन्यांनी आकडा २३ वर आला. हाडांत मुरलेलं शिसं पुढे वर्षानुवर्षं रक्तात झिरपत राहतं. शिवाय अंगात लोह कमी असलं की आतडी शिसं जास्त शोषतात आणि शिसं हिमोग्लोबिन तयार होऊ देत नाही. म्हणजे अशक्त मुलालाच मार जास्त.

नुसत्या बॅटऱ्यांचाच हा प्रश्न नाही. सुरमा, शिसं मिसळलेली कल्हई, रंग खुलावा म्हणून हळदीत घातलेलं लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग), कुठूनही आणलेली भस्मं (नागभस्मातला नाग म्हणजे शिसंच) हेही आहेच. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसं असल्याचा अंदाज आहे.

तपासणीबद्दलही सांगायला हवं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा खोटाच फुगू शकतो. तो जास्त आला, तर शिरेतलं रक्त धातूंच्या तपासणीसाठीच्या खास नळीत घेऊन खात्री करावी लागते. केस तपासून किंवा आधी धातू बाहेर काढणारं औषध देऊन मग लघवी तपासून 'अंगात विष आहे' असं सांगणारी पॅकेजेस मात्र कृपा करून घेऊ नका. त्या औषधाने धडधाकट माणसाच्या लघवीतही धातू वाढलेले दिसतात.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हा नमुना घेऊन पुढे पाठवण्याची सोय मोफत व्हावी. आणि आमच्या तपासणीच्या फॉर्मवर वय, पत्ता, मोबाइल यांचे रकाने आहेत, तसाच 'घरात कोण काय काम करतं' हा रकानाही आरोग्य विभागाने छापून घ्यावा.

कळावे,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली