शेवटच्या शेकानंतरही क्रीम बंद करू नकोस

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोमवारपासून तुझ्या स्तनाला रेडिएशनचे (कॅन्सरवरच्या किरणांचे) पंधरा शेक सुरू होणार असं काकांनी कळवलं. फोनवर बोललेलं अर्धंमुर्धं लक्षात राहतं, म्हणून लिहूनच पाठवते. पत्र काकांनाही वाचायला दे. गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळच्या गाठींनाही शेक असेल तर किरण खांद्याच्या मागून बाहेर पडतात, आणि तिथे क्रीम लावायला तुझा हात पोचणार नाही.

आधी दिवसांचा हिशोब समजून घे. किरणांचा परिणाम कातडीच्या तळाशी वाढणाऱ्या नव्या पेशींवर होतो. वरचा जुना थर मात्र नेहमीसारखा झडत राहतो. खालून भरपाई कमी पडतेय हे दिसायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात काहीच वाटणार नाही आणि "मला काही त्रास नाही" असं तू सगळ्यांना सांगशील. मग कातडी गरम लागेल, ताणल्यासारखी होईल, खाज येईल. सगळ्यात जास्त त्रास शेवटच्या शेकानंतर एक-दोन आठवड्यांनी होतो, म्हणजे दवाखान्यात जाणं संपल्यावर. नेमकं तेव्हाच बायका क्रीम सोडून देतात. तू पुढे निदान चार आठवडे, कातडी पूर्ण निवेपर्यंत, चालू ठेव.

माहितीपत्रकांत "लाली" असं लिहिलेलं असतं, पण ते गोऱ्या कातडीचं वर्णन आहे. आपल्या रंगावर लाली सहज दिसत नाही, तो भाग काळपट किंवा जांभळट होतो. त्यामुळे आरशावर विसंबू नकोस; हाताला गरम लागतंय का, ओढल्यासारखं वाटतंय का, ते बघ. काकांना दर तीन-चार दिवसांनी एकाच खिडकीच्या उजेडात फोटो काढायला सांग, फरक लगेच कळतो.

आंघोळ रोज कर, पण पाणी कोमट हवं. बिनवासाचा सौम्य साबण हातावर फेसाळून तोच फेस लाव. घासणी नको, आणि शॉवरची धार थेट छातीवर नको. मऊ पंचाने टिपून घे, पुसू नकोस. शेकाची जागा दाखवायला पेनाने काढलेल्या खुणा असतील तर त्या जपायच्या. पुसट झाल्या तरी घरी गिरवायच्या नाहीत, दवाखान्यात सांगायचं. सुईने गोंदलेले ठिपके असतील तर ती चिंता नाही.

खरी लढाई स्तनाखालच्या घडीत आणि काखेत असते. तिथे कातडीवर कातडी घासते, घाम साचतो, आणि कातडी फुटली तर बहुतेक वेळा तिथेच फुटते. स्तन उचलून घडी नीट कोरडी कर. रात्री तिथे धुतलेला मऊ सुती रुमाल घडी करून ठेव, ओलसर झाला की बदल. पावडर अजिबात नको, ती घामात भिजून तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. ब्रा तारेची नको. सुती, सैल, शिवण आतून न टोचणारी घे. घरात असताना नुसता सैल सुती कपडा घातलास तर उत्तमच.

क्रीम पहिल्या दिवसापासून, दिवसातून दोनदा. साधं, बिनवासाचं, सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारं रसायन) नसलेलं. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं क्रीम बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. शेकाला जाण्याआधी जाड थर थापू नकोस. त्या किरणांचा पूर्ण जोर कातडीच्या थोडा खाली पोचतो, म्हणून वरची कातडी बरीचशी वाचते. जाड थर किंवा ओली पट्टी असली की तो जोर वर, कातडीतच येतो. आधीच मुरलेल्या पातळ थराने काही बिघडत नाही.

मोमेटासोनसारखं स्टेरॉइडचं मलम सुरुवातीपासून लावलं तर दाह कमी राहतो, असं अभ्यासांत दिसलंय. डॉक्टरांना विचार, त्यांनी लिहून दिलं तरच लाव, आणि फुटलेल्या जागी नाही. कोरफडीचा फायदा चाचण्यांत नीट सिद्ध झालेला नाही. कुणी लेप, तेलं सुचवतील, त्यांना हसून हो म्हण आणि लावू नकोस. डिओडरंट बंद करण्याचा सल्ला मात्र जुना झाला. कातडी अखंड असेल तर चालतं. काखेत वॅक्स, केस काढायचं क्रीम, साधं ब्लेड नको. बर्फ, गरम पिशवी, चिकटपट्टी या तिन्ही गोष्टी त्या भागापासून दूर. उन्हात तो भाग झाकायचा, आणि हे संपल्यावरही निदान वर्षभर.

कातडी सोलून ओली झाली तर त्या जागी क्रीम थांबव आणि त्याच दिवशी दवाखान्यातल्या रेडिएशन विभागाला फोन कर. तिथे न चिकटणारी सिलिकॉनची पट्टी लागते. कापूस किंवा जांभळं औषध लावू नकोस. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, वास किंवा पू येऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस.

खांद्याचे व्यायाम रोज कर. शेकाच्या टेबलावर हात डोक्यावर धरून निश्चल पडावं लागतं, आणि खांदा आखडला तर तेच सगळ्यात नकोसं होतं. थकवा येईल, तोही शेवटाकडे जास्त. दिवसभर पडून राहण्यापेक्षा रोज थोडं चालण्याने तो बरा होतो. व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नकोस. या शेकाने डोक्यावरचे केस जात नाहीत. शरीरात किरणही उरत नाहीत; नातवाला खुशाल मांडीवर घे, फक्त दुसऱ्या बाजूला.

हे सगळं संपल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कोरडा खोकला, धाप सुरू झाली तर सर्दी समजून सोडू नकोस. रेडिएशन झालंय हे तपासणाऱ्या डॉक्टरांना आधी सांग.

सोमवारी तिथे तीन गोष्टी विचारून या कागदाच्या मागे लिहून ठेव: गळ्याखालच्या हाडाजवळचा भाग शेकात आहे का, खुणा पुसल्या तर कुणाला सांगायचं, आणि सुट्टीच्या दिवशी फोन कोणत्या नंबरवर करायचा.

काकांना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझी भाची