नवे संगणक येतील, जुने कुठे आहेत?

महोदय,

सरकारी कार्यालयांना नवे संगणक मिळणार, ही कालच्या अंकातली बातमी वाचून आनंद व्हायला हवा होता. पण संताप आला. आहेत ते कुठे आहेत, हे आधी कोणी मोजले का?

मुलीच्या रहिवासी दाखल्यासाठी या पंधरवड्यात गोव्याची सरकारी कदंब बस धरून एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. दाखला तयार, पण प्रिंटरचा टोनर (छपाईची शाई-पूड) संपलेला. कपाटात टोनरचे चार खोके होते, सील न फोडलेले. ते ज्या मॉडेलचे, तो प्रिंटर मात्र दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या विभागात गेलेला. कोणी नेला, नोंद कुठे, कारकून बाईंना ठाऊक नाही. त्यांना दोष देत नाही. बदलून आल्या तेव्हा कामाचा चार्ज (ताबा) घेताना त्यांना किल्ल्या मिळाल्या, यादी मिळालीच नाही. त्यांच्या सीपीयूवर पांढऱ्या ऑइल पेंटने नोंदीचे तीन नंबर घातलेत, एकावर एक. खरा कोणता?

मी २५ वर्षे भांडार सांभाळले. खुर्चीची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) एकदा नोंद केली की भागते. संगणकाची वॉरंटी संपते, एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपते, आतली प्रणाली जुनी होते. विंडोज १० या प्रणालीचे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. आपल्याकडे किती टेबलांवर अजून तीच आहे, हे एका दिवसात सांगू शकतील अशी कार्यालये किती? माहीतच नसेल तर बदलणार काय?

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) नियम २१३ आहे. टिकाऊ सामानाची वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष पडताळणी करून निकाल रजिस्टरमध्ये लिहायचा. प्रत्यक्ष म्हणजे टेबलाखाली वाकून सिरियल नंबर वाचायचा. गेल्या वर्षीच्या यादीवर तारीख बदलून सही ठोकणे ही पडताळणी होत नाही.

त्याच कार्यालयाच्या जिन्याखाली सात-आठ जुने संगणक पावसाच्या ओलीत पडून आहेत, निर्लेखनाची (नोंदीतून काढून टाकण्याची) वाट बघत. त्यांच्या हार्ड डिस्क काढल्यात का, आणि त्यांत आमच्या आधारच्या प्रती आहेत का, याचे उत्तर तिथे कोणी देऊ शकले नाही.

आपल्या वार्ताहरानेही खरेदीची रक्कम तेवढी छापली. जुन्यांचे काय, एवढा एक प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता.

दाखला अजून हाती नाही. प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपते.

– एक निवृत्त भांडारपाल, फोंडा