गडाच्या वाटेला रुंदी नको, आधी तिच्यावरचे पाणी काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ जुलै २०२५ रोजी शिवछत्रपतींच्या वारशातील बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड ही नावे जगाच्या नकाशावर आली याचा आनंद प्रत्येक मराठी माणसाला झाला, तसा मलाही झाला. पण तेव्हापासून एक मागणी सारखी कानावर येते आहे. गडांच्या पायथ्यापर्यंतचे रस्ते मोठे करा, दोन गाड्या सहज जातील असे करा, म्हणजे लोक येतील, असे लोकप्रतिनिधी बोलतात, पर्यटन व्यवसायातील मंडळी बोलतात आणि आता ट्रेकर मित्रही बोलू लागले आहेत. ग्रामीण रस्त्यांच्या कामावर माझी सगळी नोकरी गेली आणि सुटीचे दिवस सह्याद्रीत गेले. त्या दोन्हींच्या बळावर सांगतो, ही मागणी चुकीची आहे. आपल्या डोंगरी रस्त्यांचे दुखणे अरुंदपणात नाही, ते पाण्यात आहे.

डोंगराच्या अंगाने काढलेल्या रस्त्याला वरून उतरणारा प्रत्येक ओहोळ आडवा येतो. म्हणून डोंगराकडच्या बाजूला गटार लागते, ते पाणी पलीकडे नेण्यासाठी ठरावीक अंतराने मोऱ्या लागतात आणि मोरीच्या दरीकडच्या तोंडाशी दगडी पिचिंग, म्हणजे दगड रचून केलेले अस्तर, लागते. एवढे नीट असेल तर साधा खडी-मुरमाचा रस्ताही बरीच वर्षे टिकतो. प्रत्यक्षात काय होते? उन्हाळ्यात पाचोळ्याने आणि वरून घसरलेल्या मुरमाने गटार भरते. गुरांच्या येण्याजाण्याने त्याचे काठ मोडतात. मोरीच्या तोंडाशी एखादा दगड अडकतो आणि त्यामागे काटक्या साचतात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की पाणी गटार सोडून रस्त्यावर येते आणि गाड्यांच्या चाकोरीतून उताराने धावू लागते. आधी डांबराची कड सुटते, मग खालची खडी उघडी पडते. एका पावसाळ्यात बोटभर असलेली चाकोरी दुसऱ्या पावसाळ्यात टोपलीभर दगड गिळते. दिवाळीनंतर तेथे पुन्हा डांबराचा पातळ थर बसतो. गटार मात्र कोणी उपसत नाही, मोरीत वाकून कोणी पाहत नाही. म्हणून पुढच्या जूनमध्ये रस्ता नेमका त्याच जागी फुटतो. असे एकाच जागी पुन्हा पुन्हा फुटणारे रस्ते मी किती पाहिले याची गणती नाही.

येथला पाऊस किती, हे घाटमाथ्याबाहेरच्या वाचकांच्या लक्षात यावे म्हणून एक आकडा देतो. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पडतो. त्या पावसात पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाट अनेक ठिकाणी तुटला आणि बराच काळ बंद राहिला. खाली महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. असा पाऊस अंगावर घेणाऱ्या डोंगराचा पायथा रस्ता रुंद करण्यासाठी कापायचा, म्हणजे वरच्या उताराचा आधारच काढून घ्यायचा. सह्याद्रीत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये जागोजागी तांबड्या मातीचा थर असतो. पाणी कातळाच्या भेगांतून मुरत खाली येते आणि त्या मऊ थरापाशी बाहेर फुटते. यंत्र लावून तेथे उभा काप घेतला की पुढची काही वर्षे दर पावसाळ्यात दरड येणार हे ठरलेले. जुन्या लोकांनी घाटवाटा काढताना डोंगर शक्य तितका कमी दुखावला. नाणेघाटाच्या दगडी पायऱ्या आजही पावलाखाली घट्ट लागतात, हे तेथे गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता राजमाची गडाच्या रस्त्याबद्दल, कारण तो मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीला जाणारा हा रस्ता साधारण पंधरा किलोमीटरचा आहे, त्यातला बराचसा जंगलातून जातो. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीत उधेवाडी वसली आहे. एकेकाळी बोरघाटावर नजर ठेवण्यासाठी हा गड होता. हिवाळ्यात या वाटेने चालत जाणे हे माझ्या मते सह्याद्रीतल्या सर्वांत सुंदर चालण्यांपैकी एक आहे. एका बाजूला उल्हास नदीचे खोरे उघडत जाते आणि पुढच्या वळणावर दोन्ही बालेकिल्ले एकदम समोर येतात. मे महिन्याच्या अखेरीस मात्र हाच रस्ता ओळखू येत नाही. काजवे पाहायला शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. समोरासमोर आलेल्या गाड्यांतले कोणीच मागे घ्यायला तयार नसते, सगळ्यांचे हेडलाइट चालू असतात. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणांनीच शोधतात. ज्या झाडावर ते लुकलुकत असतात त्याच झाडावर गाडीचे प्रखर दिवे सोडून आपण काय पाहायला आलो, हा विचार तेथे कोणी करत नाही याचे मला मनापासून दुःख होते. आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या पावसाने मुरूम मऊ झालेला असतो. एका शनिवार-रविवारात तो चाकाखाली तुडवला गेला की पुढचे चार महिने तेथे चिखलच.

जुलैत चिखलातून गाडी काढण्याची हौस असलेली मंडळी येतात. खोल नक्षीचे टायर, चारही चाकांना ताकद, फसली तर ओढायला दुसरी गाडी. त्यांची हिंमत आणि हात दोन्ही चांगले असतात, हे मी मान्य करतो. पण रविवारी त्यांनी नांगरून ठेवलेल्या त्याच चिखलातून सोमवारी गावातल्या एखाद्या बाईला बाळंतपणासाठी खाली न्यायचे असते. शाळेचे मास्तर दुचाकीवरून त्यातूनच वर येतात. पावसाळ्याची बेगमी करून ठेवली तरी औषध, दूध, गॅसचे सिलिंडर यासाठी खाली जावेच लागते. मजेसाठी गाडी चालवायची तर खासगी जमिनीवर तसे मार्ग आखून घ्यावेत. वाडीच्या एकुलत्या एका रस्त्यावर तो खेळ बंद व्हायलाच हवा.

डोंगरातल्या गावाला रस्ता म्हणजे काय, हे ३० जुलै २०१४ च्या सकाळी महाराष्ट्राने पाहिले आहे. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि ती बातमी बाहेर पोचली ती रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. गाव जागेवर नाही हे त्याने पाहिले. त्या दिवशी तो रस्ता गाडी येण्याजोगा नसता तर मदत आणखी किती उशिरा गेली असती? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे रस्ताच नव्हता. मदत पथकांना अंधारात, पावसात, निसरड्या पायवाटेने चढून जावे लागले आणि यंत्रे वर नेता आली नाहीत. म्हणून पायथ्याच्या गावांना रस्ते देऊ नका, असे मी कधीही म्हणणार नाही. रस्ता हवाच, बारमाही हवा, पण तो एसटी, रुग्णवाहिका आणि गावची जीप यांच्यासाठी हवा. एका गाडीची रुंदी, ठरावीक अंतरावर समोरच्याला वाट देण्यापुरती फुगवलेली जागा, दरीकडच्या धोक्याच्या वळणांवर संरक्षक कठडा आणि उघड्या मोऱ्या, एवढ्यावर त्यांचे काम भागते.

या गावांचा दुसरा प्रश्न निधीचा आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हा सपाटीवरच्या वस्तीसाठी पाचशे लोकसंख्येची आणि डोंगरी राज्ये व आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठी अडीचशेची अट ठेवली गेली. महाराष्ट्र डोंगरी राज्यांत मोडत नाही. त्यामुळे मावळ, वेल्हे, भोर, महाड येथल्या डोंगरातल्या वाड्यांना पंजाबातल्या सपाट गावांचाच निकष लागतो. पन्नास-साठ उंबऱ्यांची वाडी त्यात बसणार कशी? त्यावर वनजमिनीतून जाणाऱ्या पट्ट्याला १९८० च्या वन संवर्धन कायद्याखालची परवानगी लागते. कायदा योग्यच आहे, पण गटार काढणे आणि जुनी मोरी दुरुस्त करणे यासारख्या कामांचे कागद तरी लवकर हलावेत. दुरुस्तीला पैसा नाही आणि रुंदीकरणाला आहे, असे चित्र पुढे येऊ नये.

ट्रेकर मित्रांना काही गोष्टी सांगायच्या आहेत. हरिश्चंद्रगडासाठी पाचनई असो, सांदण दरीसाठी साम्रद असो की लिंगाण्यासाठी मोहरी असो, शेवटचे काही किलोमीटर जेथे कच्चे लागतात तेथे आपली शहरातली गाडी पुढे दामटू नये. मोबाइलमधला नकाशा रेघ दाखवतो, रेघेवर डांबर आहे की उघडे दगड हे दाखवत नाही. त्या गावच्या माणसाला फोन करून विचारावे, हाच भरवशाचा मार्ग. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो आणि ऑइलचा चेंबर फुटतो, मग ती गाडी ओढून आणायला तालुक्याहून क्रेन मागवावी लागते आणि दिवसभर गावची वाट अडते. घाट चढताना जो गियर लागला त्याच गियरवर उतरावे. न्यूट्रलवर सोडलेली गाडी केवळ ब्रेकवर धरली की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा वाहतुकीचा लेखी नियम आहे, पण डोंगरात तो पाळणारे फार थोडे. आणि एक विनंती अगदी हात जोडून: गावात एसटी वळवायची जागा रिकामी सोडा. रविवारी सकाळी तेथे आठ-दहा गाड्या लागलेल्या असतात, मालक गडावर असतात. चालकाला एसटी वळवता येत नाही म्हणून ती अलीकडच्या फाट्यावरूनच परत फिरते आणि बाजारहाट करून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना डोक्यावर ओझे घेऊन तेथून चालत यावे लागते. हे मी स्वतः पाहिले आहे.

यावर उपाय अवघड नाही. शेवटच्या पक्क्या रस्त्याच्या गावात वाहनतळ करावा. तेथून पुढे १ जून ते ३० सप्टेंबर बाहेरच्या खासगी गाड्यांना मज्जाव असावा. ज्यांना चालायचे ते चालतील, ज्यांना शक्य नाही ते गावच्या जीपने जातील. ट्रेकला निघालेल्या माणसाला पाच-सहा किलोमीटर जास्त चालणे जड वाटू नये, आणि जीपचे भाडे त्या वाडीत राहिले तर तिथल्या तरुणाला मुंबईला वॉचमन म्हणून जावे लागणार नाही. वाहनतळाचे पैसे ग्रामपंचायतीने वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि त्यातून गावातल्याच माणसांना मजुरी देऊन मे महिन्यात गटारे उपसून घ्यावीत. पाणी कोठे अडते आणि कोठून फुटते हे त्यांच्याइतके कोणत्याही अभियंत्याला कळत नाही. पावसाच्या दिवसांतही एक माणूस फावडे घेऊन रस्त्यावर फिरता हवा. पूर्वी घाटरस्त्यांवर असे मैलकुली असत. ती पद्धत बंद पडत गेली आणि तेव्हापासून घाटांची दशा वाईट होत गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे आणि पाली, साल्हेरच्या पायथ्याशी साल्हेरवाडी, येथे आता निधी येईल. तो कशावर खर्च होतो याकडे आपल्या वृत्तपत्राने लक्ष ठेवावे, ही विनंती. तसेच मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या तालुका वार्ताहरांनी पायथ्याच्या गावांचे रस्ते एकदा चालून पाहावेत आणि कोणत्या मोऱ्या उघड्या आहेत, कोणत्या बुजल्या आहेत, तेवढे गावाच्या नावानिशी छापावे. पाऊस पडायच्या आत छापले तर त्या बुजलेल्या मोऱ्या उपसायला पंधरा दिवस हातात राहतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रस्ते अभियंता, पुणे