४०९ नव्हे, ४८९

महोदय,

गेल्या रविवारच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल प्रशिक्षकांच्या कोट्यवधींच्या पगारांवर चौकट होती. (फुटबॉल म्हणजे लांबुडक्या चेंडूचा, आपला नव्हे.) तिच्यात सर्वाधिक सामने जिंकणारे प्रशिक्षक म्हणून पेन स्टेटचे जो पॅटर्नो आणि ४०९ हा आकडा दिला आहे. पहिल्या श्रेणीतल्या बड्या विद्यापीठांपुरतं ते ठीक. पण सगळं कॉलेज फुटबॉल धरलं तर आकडा ४८९ आहे आणि माणूस जॉन गॅग्लियार्डी. तिथले लोक ‘गलार्डी’ म्हणतात. कॉलेज सेंट जॉन्स, गाव कॉलेजव्हिल, राज्य मिनेसोटा.

मी मिरजेला एकतीस वर्षं पी.टी. शिकवलं, कबड्डीचे संघ तयार केले. मुलगी मिनियापोलिसजवळ असते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात जावईबापू मला गाडीतून तिकडे सामना बघायला घेऊन गेले. टीव्हीवर दिसतं तसं लाखभर माणसांचं स्टेडियम असेल असं वाटलं होतं. बघतो तर झाडांनी वेढलेल्या खळग्यात मैदान, साडेसात हजारांच्या आसपास बसायची सोय, आणि शेजारी बेनेडिक्टाइन साधूंचा मठ. मैदानाच्या कडेला लाल जर्सीतली इतकी मुलं उभी होती की मला आधी ती प्रेक्षकांची रांगच वाटली. जावई म्हणाले, हा संघ आहे. इथं कुणाला काढत नाहीत. शिवाय हे कॉलेज तिसऱ्या श्रेणीतलं, आणि त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही असा नियम, त्यामुळे येतो तो हौसेनं येतो.

१९५० नंतरच्या पहिल्या सत्तर वर्षांत या कॉलेजला मुख्य प्रशिक्षक झाले तीन. पहिले जॉनी ब्लड मॅकनॅली, ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाचे नामांकित खेळाडू. कॉलेजात असताना पैसे घेऊन खेळलं तर कॉलेजच्या संघात जागा राहत नसे, म्हणून गड्यानं सिनेमाच्या पाटीवर वाचलेलं ‘ब्लड’ हे आडनाव लावून घेतलं. तीन मोसम शिकवून ते गेले. १९५३ साली आले गॅग्लियार्डी, वय सव्वीस. ते हटले २०१२ च्या मोसमानंतर. साठ वर्षं! आमच्या शाळेत शेवटी शेवटी क्रीडाशिक्षक अकरा महिन्यांच्या करारावर येत, आणि मुलांची नावं पाठ होईपर्यंत जात.

या माणसाची सुरुवातच वेगळी. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या खाणींच्या गावी १९४३ मध्ये त्यांच्या हायस्कूलचे कोच महायुद्धावर गेले. शाळा खेळच बंद करायला निघाली, तेव्हा सोळा वर्षांच्या या कप्तानानं संघ मी सांभाळतो म्हणून सांगितलं. आणि कोचच्या ज्या ज्या गोष्टींचा त्याला वैताग होता त्या बंद केल्या. पहिल्या कोचकडे सरावात पाणी प्यायची बंदी होती. यानं पाणी प्या म्हणून सांगितलं.

इथं मला थांबावंच लागतं. ‘खेळताना पाणी प्यायलं की दम लागतो’ हे वाक्य मी किती पोरांना ऐकवलं असेल! माठ ऑफिसच्या दारात, मैदानापासून वीस पावलांवर. एप्रिलात जिल्ह्याच्या सामन्यांआधी आमचा डावा कोपरारक्षक चक्कर येऊन पडला. त्याच्या तोंडावर मीच त्या माठातलं पाणी मारलं, प्यायला मात्र सराव संपल्यावर दिलं. मला माझ्या सरांनी तेच शिकवलं होतं. सोळा वर्षांच्या पोराला जे कळलं ते मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही.

सेंट जॉन्सलाही त्यांची ही ‘नाही’ची यादी चालूच राहिली. शिट्टी नाही. सरावात एकमेकांना पाडणं नाही. दीड तासाच्या वर सराव नाही, डास फार झाले तर तोही नाही. मला कुणी ‘कोच’ म्हणायचं नाही, जॉन म्हणा. (हे शेवटचं मला अजून पचत नाही. सर म्हटल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.) सरावात पाडापाडी नको हे तर त्या काळी खुळचटपणाच वाटला असेल, पण डोक्याच्या दुखापतींच्या धास्तीनं हार्वर्ड, येल वगैरे जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगनंही २०१६ मध्ये मोसमातल्या सरावात ती बंद केली.

लाड केले म्हणून पोरं हरली म्हणावं, तर तसंही नाही. राष्ट्रीय अजिंक्यपदं चार : १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. या शेवटच्या वर्षी त्यांनी बेथेलला २९-२६ असं हरवून ग्रँबलिंग विद्यापीठाचे कोच एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला, आणि डिसेंबरात अंतिम सामन्यात सलग ५५ सामने जिंकत आलेल्या माउंट युनियनला २४-६ असं लोळवलं. तेव्हा वय सत्त्याहत्तर. एकूण हिशोब ४८९ जिंकले, १३८ हरले, ११ बरोबरीत. त्यातले २४ विजय आधीच्या मोंटानातल्या कॅरल कॉलेजचे आहेत, हे सांगितलेलं बरं.

मुलगा जिम बरीच वर्षं हाताखाली होता, पण गादी त्याच्याकडे गेली नाही. २०१३ मध्ये त्यांचेच जुने खेळाडू आणि सहायक गॅरी फॅशिंग आले. गॅग्लियार्डी २०१८ मध्ये वारले.

चौकटीत दुरुस्ती छापावी ही विनंती. मराठी पेपरात कॉलेजव्हिलचं नाव येणार नाही यावर जावयांशी पैज लागली आहे. हरलो तर मठातला तो जाडजूड ब्रेड त्यांनी कुरिअरनं मागवायचं कबूल केलंय, जिंकलो तरी तोच.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, मिरज